लवूतारी आणि पल्याडचं दार

६ जानेवारी २०२५, सोमवार

पहिली उगवली ती शेजारची सारिका. तिला कोणी बोलावलं नव्हतं. शाळेच्या बाई येणार हे तिला कुठून कळलं देव जाणे, पण बाई यायच्या आधी अर्धा तास ती आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्ची ओढून बसली होती, केसांना तेल लावून, अबोली माळून. मी म्हटलं, "काय गो, तुझो फोटो काढतले काय?" तर म्हणते, "काढल्यानी तर काढल्यानी, काकी. तुझा काय जाता?"

मग अनुजाबाई आल्या. आमच्या शाळेवरच्या नवीन बाई, बोलतात पुस्तकासारखं पण माणूस चांगलं. चहात साखर नको म्हणाल्या तेवढंच खटकलं. येण्याचं कारण असं की पुलाजवळ माणसांना बसायला नवीन शेड बांधली आहे, तिला आमच्या ह्यांचं नाव द्यायचं ठरलंय. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की लगेच कार्यक्रम. ह्यांना जाऊन माघात वर्ष होईल. नाव मी घेत नाही, कधी घेतलेलं नाही, पण लोक त्यांना लवूतारी म्हणत ते लिहायला हरकत नसावी. खाडीवर पूल नव्हता तेव्हा सत्तेचाळीस वर्षं ह्यांनी होडीने अल्याडचं माणूस पल्याड नेलं आणि पल्याडचं अल्याड आणलं. कुणकेश्वरच्या जत्रेला तर दिवसाला चाळीस खेपा. पाण्यात कोणी पडलं नाही, कोणाला कधी उलट बोलले नाहीत. शहाऐंशी वर्षं जगले. तोंडात सुपारी असताना गेले, इतके सुखाने.

प्रत्येकाने एक आठवण सांगायची आणि शेवटी मी बोलायचं, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई, मला भाषण कुठलं येतंय. पण मनातून बरं वाटलं. वहीत खोटं कशाला लिहू.

मग सारिका सुरू झाली. "मी ल्हान आसताना लवूकाका माका होडयेत फुडे बसवीत. म्हणत, 'सारिका, पल्याड किती माणसां उभी आसत, मोज बगूया. बायलमाणसां किती, दादले किती?' पंचवीसपर्यंत आकडे मी होडयेतच शिकलंय." बाईंनी लिहून घेतलं आणि डोळे पुसले. मी डोळे पुसले नाहीत. आमच्या तीन पोरांना ह्यांनी कधी एक आकडा विचारला नाही आणि तिथे जगाच्या पोरांची शाळा भरवत होते.

एवढ्यात जुना पोस्टमन बाबू काठी टेकत आला. तो म्हणाला, "लवू माका खोकल्यावरसून वळखी. मी पल्याड नुसतो खाकरलंय की हयसून आरडायचो, 'थांब रे बाबू, इलंय!' गावात दोन हजार माणूस, पण लवूक प्रत्येकाचो आवाज पाठ."

पाठ. खाकरणं पाठ, खोकणं पाठ. आणि बायको गप्प उभी राहिली तर ती कोण?

ते मी लिहिणार नव्हते. आज नकोच. भाजी चिरायची आहे.

७ जानेवारी, मंगळवार

लिहून टाकते, नाहीतर पोटात राहील.

आमची थोरली शाळेत जायला लागली त्या वर्षी मला भावाने पातळ घेतलं, हिरवं, जरीच्या काठाचं. ते नेसून, गजरा घालून मी घराखालच्या आंब्याजवळ जाऊन उभी राहिले. हाक मारायची नाही असं ठरवलं होतं. बघूया ह्यांचं लक्ष जातंय का. होडी पल्याडहून येत होती. मध्यावर आली तेव्हा ह्यांनी मान वर केली, सरळ माझ्याकडे बघितलं. अगदी सरळ. मी हसले. आणि हे, धक्क्याला माणसं उतरवून, नवीन चार घेऊन, होडी फिरवून परत पल्याड. मी तशीच उभी, हसू तोंडावर वाळलेलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा पातळाचा काठ हातात धरून नाकाशी नेला आणि म्हणाले, "बरा आसा." वास घेत होते, नवं आहे का जुनं. मी दोन दिवस बोलले नाही. त्यांना कळलंसुद्धा नाही का ते.

आता पल्याडचं लिहायला हवं. पल्याडच्या धक्क्याला लागूनच रहमतबीचं घर. पाण्याकडे तोंड, दारात दगडी पायरी. तिचा नवरा फकरुद्दीन जहाजावर, सहा सहा महिने घरी नाही. ती लग्न होऊन आली बहात्तर साली, गोरीपान, नाकात चमकी. माणसं जमेपर्यंत होडी थांबायची ती पल्याडच, आणि हे बसायचे ते त्या पायरीवर. अल्याड कधी बसलेले मी बघितले नाहीत. तिथे चहा मिळायचा, मला ठाऊक आहे. घरी आले की तोंडाला खोबऱ्याच्या वडीचा वास यायचा ते काय मला कळत नव्हतं?

एकदा ती माहेरी विजयदुर्गला गेली, आठ दिवस. ते आठ दिवस माणूस दुपारी तीनला येऊन थंड भात चिवडायचं. ती परत आली त्या दिवशी साडेबाराला हजर. दोनदा भात घेतला, वर सोलकढी. आता मला कोणी सांगावं ह्याचा अर्थ काय.

पण माझ्याजवळ एक गोष्ट आहे जी सारिकाकडे नाही, बाबूकडे नाही आणि पल्याडच्या त्या बाईकडे तर नाहीच. भात झाला की मी घराच्या वईवर, म्हणजे कुंपणावर, तांबडं लुगडं टाकायची. ते पल्याडहून बघून हे घरी यायचे. घड्याळ नको, हाक नको. लुगडं टाकलं की पुढच्या खेपेला माणूस दारात. कधी मी लाडात आले तर भात शिजायच्या आधीच टाकायची. रागात असले तर मुद्दाम अर्धा तास उशिरा. त्यांनाही कळायचं असणार. हे आमचं दोघांचं. कोणाला माहीत नाही, पोरांनाही नाही. सव्वीसला मी हेच सांगणार आहे. मग बघूया कोण कोणाचा आवाज पाठ म्हणतं.

११ जानेवारी, शनिवार

तन्वी आली कणकवलीहून. माझी नात, कॉलेजात जाते, ही वही तिनेच दिली. पोरगी सोन्यासारखी, फक्त सहा वर्षांची असल्यापासून भिंगाचा चष्मा. आमच्या घरात कोणालाच चष्मा नाही, कोणावर गेली कळत नाही. तिचे आबा तर ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवायचे, जाळं विणायचे. फक्त टीव्ही बघताना नाक लावून बसायचे, त्यावरून मी ओरडायची, की मागच्यांना दिसू दे.

सारिका बातमी घेऊन आली. अनुजाबाई पल्याड जाऊन रहमतबीलाही बोला म्हणून सांगून आल्या. "काकी, ती म्हणे लवूकाकांची लय मोठी गोष्ट सांगतली."

"सांगूंदे," मी म्हटलं. "माझा काय जाता?"

पण घावनं करपली. तन्वी म्हणाली, "आजी, तुझं लक्ष कुठंय?" मी म्हटलं, तव्यावर.

१५ जानेवारी, बुधवार

रहमतबी आली. नात आरिफाच्या स्कूटरवर बसून, पुलावरून. संक्रांत काल झाली, तिळगुळाचं निमित्त. गुडघे गेलेत तिचे, पण नाकातली चमकी तशीच. खळ्यात चार खुर्च्या असताना बसली कुठे, तर ओट्याच्या त्या कोपऱ्यात जिथे हे बसायचे. चहा दिला. एक कप. वडी होती डब्यात, ती काढली नाही.

म्हणाली, "वयनी, शाळेची बाई माज्याकडे इल्ली. माज्याकडे सांगूसारखी एकच गोष्ट आसा. तुका इचारल्याबिगर सांगूचंय नाय म्हणान इलंय."

"बोल."

"तुजा तांबडा लुगडा."

मी बशी खाली ठेवली. आरिफा फोनवरून मान वर करून बघायला लागली.

"तुका कोणी सांगल्यान?"

"दादान. दुसरो कोण सांगतलो?" ह्यांना ती दादा म्हणायची. मग आवाज खाली आणून म्हणाली, "दादाक अल्याडचा दिसायचा नाय, वयनी."

"काय दिसायचा नाय?"

"काय्यच. जवळचा बरा दिसायचा, सुईसुद्धा. पण धा पावलांफुडला सगळा पाण्यात कालवल्यासारखा. माणसां आवाजावर वळखी. किती उभी आसत ता होडयेतल्या पोरांक मोजूक लावी. काठ ठाऊक होतो, पाणी ठाऊक होता, म्हणान होडी कधी चुकली नाय. माजा लगीन होवन म्हयनो झालो नसात, एक दिवस पायरीवरसून इचारल्यान, 'बाये, तुज्या दारातसून आमचा घर दिसता मां? वयीर तांबडा लुगडा आसा काय बघ.' मी म्हटलंय आसा. 'मगे जातंय, भात झालो.' दुसऱ्या दिवशी परत तसाच. मगे इचारूची गरज रवली नाय. लुगडा दिसला की मी आतसून आरडायचंय, 'दादा, लागला!'"

"कितीं वर्षां?"

"पूल होयसर."

बहात्तरपासून पूल होईपर्यंत, मी मनात मोजलं. सदतीस.

मी विचारलं, "आणि तू विजयदुर्गाक गेलंस तेव्हा?"

"तेव्हा काय! दादा उपाशी. परत इलंय तर म्हणता कसो, 'बाये, आता म्हयेराक जाशीत तर चार दिवसांत ये, थंड भात खावन पोट दुखाक लागला.'" आणि ती हसली. मला हसू आलं नाही.

"माका कित्याक सांगूक नाय त्यांनी?"

ती म्हणाली, "दर वर्षी परवान्याचे साहेब येयत. होडी बघीत, तारी बघीत. धड दिसणा नाय असो तारी कोण ठेवतलो? चष्मो लावलो तर सगळ्यांकच कळला. आणि तुका सांगला तर..." मग पदर तोंडाला लावून, "दादा म्हणायचो, मी नाय, तिका सांगलंय तर सांजसर मिठबावच्या बाजारात पोचतला."

आरिफा फिस्सकन हसली.

मी विचारून घेतलं, हे सगळं तू सव्वीस तारखेला सांगणार? ती म्हणाली, "दादान आंधळेपणी सत्तेचाळीस वर्षां माणसां पोचवल्यान, ही केवढी गोष्ट! पण माणूस तुजो. तू नको म्हटलंस तर नको."

विचार करून सांगते म्हटलं. ती उठली. मी बस म्हटलं नाही, जेवून जा म्हटलं नाही. तिळगूळ दिला तो हातावर टाकल्यासारखा दिला.

१६ जानेवारी, गुरुवार

जेवण केलं नाही. पेज.

लाडात येऊन लवकर टाकलेलं लुगडं, ते त्या बाईने बघितलं. रागात उशिरा टाकलेलं, तेही तिने. सदतीस वर्षं मी नवऱ्याशी बोलत होते आणि ऐकत होती ती. तिला कधी कळलं असेल का, आज लुगडं लवकर आलं म्हणजे काय ते? बाईमाणूस आहे. कळलंच असणार. दारात उभी राहून गालात हसली असेल.

आणि हे. माझ्या पोटात राहत नाही म्हणे! मी कधी कोणाचं काय बोलले? सारिकाच्या सासूचं तेवढं एकदा.

१८ जानेवारी, शनिवार

रहमतबीवर विश्वास का ठेवावा? बोलायला काय जातं तिचं, माणूस आता सांगायला नाही. म्हणून तन्वी आली तशी तिला पुलावरून पल्याड पाठवली. रहमतबीच्या पायरीवर उभी राहा आणि मला फोन कर म्हटलं. ती तांबडी लुगडी आता कुठली, त्यांच्या गोधड्या होऊन त्याही फाटल्या. तन्वीची तांबडी ओढणी वईवर टाकली आणि मी बाजूला उभी राहिले.

"आजी, पोचले."

"दिसतंय काय?"

"दिसतंय की. ओढणी दिसते, तू दिसतेस. हात कर." मी हात केला. "केलास."

"आता चष्मा काढ."

"काय चाललंय तुझं?"

"काढ म्हणते ना."

"काढला."

"आता?"

"आता काय नाय. खाली पाणी, वर हिरवं."

"ओढणी?"

"नाय."

"मी?"

"आजी, घरच दिसत नाही, तू कुठली दिसणार?"

मग विचारलं, आंब्याखाली कोणी उभं असलं तर? नवं पातळ वगैरे नेसून?

"आंबा खंयचो?" तन्वी म्हणाली.

मी तिथेच वईपाशी खाली बसले. फोन कानाला तसाच. थोड्या वेळाने तन्वीचा आवाज आला, "आजी, ऐकतेस ना? रहमतआजी चहा घे म्हणतायत."

मी म्हटलं, "घे. आणि विचार, आबा पायरीच्या कुठल्या बाजूला बसायचे."

तिने विचारून सांगितलं. डाव्या. पाठ खांबाला, तोंड आमच्या घराकडे.

दिसत काही नव्हतं तरी तोंड इकडे.

२१ जानेवारी, मंगळवार

तीन दिवस हाच विचार. सांगितलं तर ह्यांचं नाव होईल, हे खरं. पेपरातसुद्धा येईल, सारिका म्हणाली असती. म्हणजे म्हणाली नाही, तिला मी सांगितलेलंच नाही. कोणाला नाही. तीनदा जिभेवर आलं आणि गिळलं. काल ती विचारत होती, रहमतबी कशाला आलेली? मी म्हटलं, गुडघ्याचं तेल विचारायला.

पण सांगितलं तर दुसरंही होईल. बाबू म्हणेल, म्हणजे मी आंधळ्याच्या होडीत बसत होतो! आज हसून म्हणेल, उद्या चहाच्या दुकानात तिखटमीठ लावून म्हणेल. आपली गरोदर सून, आपलं तान्हं पोर त्या होडीतून नेलेली माणसं मागे वळून घाबरतील. त्यांनी आयुष्यभर झाकलं ते मी माईकवर उघडू?

आणि खरं कारण लिहायचं तर वेगळंच आहे. एवढी वर्षं ही गोष्ट दोघांची होती, त्यांची आणि तिची. आता दोघींची आहे. आरिफाने ऐकलं खरं, पण ती आजीवर गेलीय, पोटात ठेवेल. सगळ्या गावाची मला करायची नाही. माझा वाटा मला उशिरा मिळाला, तो मी दोन हजार माणसांत वाटणार नाही.

आरिफाचा नंबर तन्वीने लावून दिला. रहमतबीला म्हटलं, "सांगू नको. दुसरा कायतरी सांग."

ती म्हणाली, "बरा."

बस, एवढंच. का म्हणून विचारलं नाही. त्याचाही राग आला जरा.

२६ जानेवारी, रविवार

दमले आहे पण लिहिते.

झेंडावंदन, लाडू, मग कार्यक्रम. शेडवर ह्यांचं नाव पांढऱ्यावर निळं, मोठ्या अक्षरात. मी वाचलं. मनातल्या मनात वाचलं, म्हणजे घेतलं असं होत नाही. बरं वाटलं इतकं की रडू आलं, आणि सारिका आधीच रडत असल्यामुळे माझं कोणाला दिसलं नाही.

सारिकाने आकडे सांगितले, बाबूने खोकला सांगितला, वर खोकून दाखवला. टाळ्या. मग रहमतबी उठली. माझी बोटं पदरात वळली. ती म्हणाली, "दादा कोणाही बाईक हात देवन होडयेत चढवीत नसे. वल्हा आडवा धरी, म्हणी ह्याका धरून चढ बाये. आमच्या मोहल्ल्यातली म्हातारीकोतारी त्याच्या होडयेत लाजल्याबिगर बसत. अल्ला त्याका बरो ठेवो." आणि खाली बसली. एवढंच. बायकांनी माना हलवल्या. ह्यांची ही रीत मला ठाऊक नव्हती. मला हात धरूनच चढवायचे.

मग मी. माईक अनुजाबाईंनी धरला. लुगड्याचं सांगायचं नव्हतं, दुसरं काही पाठ केलेलं नव्हतं. समोर सगळी माणसं, सगळी ह्यांनी नेलेली आणलेली. मी म्हटलं, "आमच्या ह्यांची नजर म्हणजे घारीची. पल्याडच्या बायकांच्या कपाळावरचा कुंकू हयसून दिसायचा त्यांका."

टाळ्या पडल्या. बाबू पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाला, "खरा आसा! माका सुद्धा केवढ्या लांबसून वळखी!"

दुसऱ्या रांगेत रहमतबीने पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मीही फुटले असते.

परत जाताना दोघी आजीनाती घरी आल्या. तन्वीने आरिफाला आत नेलं. मी वडीचा डबा काढला. रहमतबी म्हणाली, "त्या दिवशी नव्हती काय वडी?" मी म्हटलं, "होती. तुका दिवक नाय."

"वळाकलंय मी," ती म्हणाली आणि दोन घेतल्या.

मग मी सांगितलं. "रहमतबी, माका सगळा व्हया. पयल्या दिवसापासना. तुज्या पायरीर बसान काय बोलायचे, कोणाची चेष्टा करायचे, काय खायचे, माझा नाव काढीत काय. लुगडा लवकर लागला तर काय म्हणायचे, उशीर झालो तर काय म्हणायचे. सगळा."

ती म्हणाली, "वयनी, लवकर लागला की काय म्हणायचो ता मी आज सांगणंय नाय. चेडवां आतमधी आसत."

माझं तोंड तापलं. ह्या वयात.

"मगे परत ये," मी म्हटलं.

"तूच ये पल्याड. पायरी दाखवतंय."

"नाय. तू हय ये. सदतीस वर्षां ते तुज्याकडे बसले. आता तू माज्याकडे बस."

"आणि सांगान संपला काय?"

"मगे परत सांग."

ती हसली. आरिफाच्या खांद्याला धरून उठली, आरिफाची सुट्टी विचारली, बोटांवर वार मोजले. परवा येणार म्हणाली. मंगळवार, अठ्ठावीस जानेवारी. सकाळी लवकर, जेवायला राहून.